टेबल झालं की जातो

मध्यंतरी आमच्या गल्लीत बातमी होती, की झिलईची मजल आता पॉलिशच्या स्पिरिटपर्यंत गेली आहे. दारू पुरेना म्हणून तो लाकडाचं पितो. बातमी पक्की मानली जात होती, कारण स्पिरिटचा डबा माझ्या घरात ठेवलेला होता आणि तो भराभर हलका होत होता. उगाच तुमच्या मनात राहायला नको म्हणून आधीच सांगते, त्यानं त्यातला थेंबही तोंडाला लावला नव्हता. ते विष असतं, डोळे जातात, हे त्याच्याइतकं गल्लीत कोणाला ठाऊक? दारू मात्र तो पीत होता. पण ती काही बातमी नव्हती, ते सगळ्यांना माहीतच होतं.

झिलई हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. जुन्या फर्निचरला पॉलिश करणं हा त्याचा धंदा. तळमजल्यावर दुकान, वर त्याचं बिऱ्हाड आणि जिन्याच्या अलीकडे, त्याच्या समोर आमचं. हा गृहस्थ कोणाकडे गेला की माणसांच्या आधी कपाटाची विचारपूस करतो. आमच्या जेवणाच्या टेबलावरून त्यानं एकदा तळवा फिरवला आणि असा उसासा टाकला, की आमच्या ह्यांनी दुसऱ्याच दिवशी त्यावर मेणकापड अंथरलं. ते अजून आहे.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. सकाळी जाते, दिवेलागणीला येते. मधला सगळा वेळ तो, त्याचं लाकूड आणि सरसाच्या डब्यामागची बाटली. सकाळी हात थरथरायचा म्हणून एक घोट. हात थांबला की काम. काम जमलं तर त्या आनंदात आणखी एक, नाही जमलं तर त्या दुःखात. बरं, भांडायचीही सोय नव्हती. पिऊन तो अधिकच नम्र व्हायचा. जिन्यात धडपडला तर कठड्याची माफी मागायचा.

मागे एकदा त्यानं स्वतःच्या हिमतीवर सोडली होती. डॉक्टर नाही, औषध नाही, आजपासून बंद म्हणजे बंद. बायको कामावरून आली तर हा दुकानात फरशीवर, फिट येऊन गेलेली, जीभ चावलेली. गल्लीला सांगण्यात आलं, की स्टुलावरून पडला. ते स्टूल माझ्या तोंडी पडल्यावर बरंच उंच झालं.

ह्या खेपेला बायको त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे काय झालं ते तिनं मला जिन्यातच सांगितलं. घरात जाऊन चपला काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

डॉक्टरबाई वयानं लहान, पण बोलायला स्वच्छ. त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी सोडलीत तेव्हा काय झालं होतं?"

"स्टुलावरून पडलो," हा म्हणाला.

"फिट आली होती," बायको म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दिवसा घरी कोण असतं?"

"शेजारी आहेत की. समोरच्या वहिनींचं सगळीकडे लक्ष असतं."

"त्या दिवसभर तुमच्याजवळ बसतील? औषध देतील? पुन्हा फिट आली तर सांभाळतील?"

"बसतील हो. पण त्या बसल्या तर मला फिट येणारच."

हे तिनं मला जसंच्या तसं ऐकवलं. शेजार असावा तर असा.

मग बाईंनी सांगितलं ते असं. बऱ्याच जणांना घरी राहून, दवाखान्यात येऊन-जाऊन जमतं. पण त्यासाठी सुरुवातीचे दिवस जवळ जागं माणूस लागतं, आणि आधी सोडताना काही बिघडलेलं नसावं लागतं. तुमचं घर दिवसभर रिकामं. जिना उतरलं की बाटली. त्यात एकदा फिट येऊन गेलेली. तुम्ही व्यसनमुक्ती केंद्रात राहूनच उपचार घ्यावेत असं मला वाटतं, ठरवायचं तुम्ही. तोवर पुन्हा आपल्या मनानं एकदम बंद करायला जाऊ नका. खाट रिकामी आहे, ह्या आठवड्यात कळवा.

"येतो की," हा म्हणाला. "हातातलं टेबल झालं की येतो."

आता हे टेबल. एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं जेवणाचं लांबलचक टेबल, जुन्या काळ्याभोर लाकडाचं. ते दुकानाच्या मधोमध असं पसरलेलं असायचं, की ह्याला त्याच्याभोवती आडवं होऊन फिरावं लागे. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. रोज सकाळी हा त्यातून दाढीचं सामान काढायचा, दाढी करायचा आणि सामान परत बॅगेत टाकायचा. खाली जायचा, वर यायचा. दुकान उघडायचा, अर्धं बंद करायचा, पुन्हा उघडायचा. बायको निघताना विचारायची, "कळवलंत का?" हा म्हणायचा, "टेबल." एवढाच शब्द. ती पाय आपटत जिना उतरायची आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत वळून वळून बघायची.

तिच्या मनात आणखी एक भीती शिरली. घरात दारू नसली की माणसं काहीबाही पितात, असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून तिनं स्पिरिटचा डबा उचलला आणि माझ्याकडे आणून ठेवला. झिलईला ते फार लागलं.

"मी पितो ते पितो," तो मला म्हणाला, "पण ते लाकडाचं आहे. लाकडाच्या तोंडचं काढून घेणारा वाटलो का मी?"

मी डबा शेगडीपासून लांब, न्हाणीघरात ठेवला. तेव्हापासून आमचे हे सिगारेट ओढायला गच्चीवर जायला लागले. तेवढाच एक फायदा. आणि झिलई दारात उभा राहायला लागला. लोक वाटीभर साखर मागतात तसं: "वहिनी, वाटीभर स्पिरिट."

लाखेचे पापुद्रे त्यात विरघळवायचे, फडक्यात बांधलेला कापूस त्यात भिजवायचा आणि लाकडावर पॉलिशच्या हातावर हात चढवत जायचं, एवढं मला माहीत होतं. पण वाटीचा पेला झाला, पेल्याची तपेली झाली. मी फक्त एकीलाच म्हटलं, की बाई, टेबल फारच पितंय. तिनं टेबल वगळून पुढे सांगितलं.

शेवटी मला राहवेना. घरातली एक धडधाकट खुर्ची उचलली आणि पाय हलतो म्हणत भर दुपारी दुकानात उतरले.

आदल्या दिवशी मी ते टेबल जिन्यातून पाहिलं होतं. आरशासारखं झालं होतं. आता अर्धं टेबल उघडंबोडकं, आणि हा स्पिरिटनं भिजवलेल्या चिंधीनं उरलेलं पॉलिश पुसून काढत होता. तपकिरी पाणी खालच्या वर्तमानपत्रांवर ठिबकत होतं.

"भावोजी, हे चढवताय की उतरवताय?"

"डाग पडला होता."

"कुठे?"

"तुम्हाला नाही दिसायचा."

"मला गल्लीच्या टोकाचं दिसतं."

"म्हणूनच जवळचं दिसत नाही."

बोलताना त्याचा हात थांबला नाही. बाटली सरसाच्या डब्यामागे नव्हती, समोरच होती. लपवायचेही कष्ट आता तो घेत नव्हता. मी आणलेल्या खुर्चीवर बसले. त्यानं कामातूनच नजर टाकली.

"ही खुर्ची ठणठणीत आहे, वहिनी."

"हो. ती आहे."

त्यानं चिंधी पिळून पुन्हा भिजवली.

ही गोष्ट मी गल्लीत कोणालाही सांगितली नाही. संध्याकाळपर्यंत मी ती कशी दाबून ठेवली माझं मला माहीत. त्याची बायको आली तशी तिला जिन्यातच गाठलं आणि सांगून टाकलं. ती वर गेलीच नाही, तशीच मागे फिरून दुकानात शिरली. मी जिन्यातच थांबले, म्हणजे खालचं नीट ऐकू येईल इतपत.

"काल ह्यात माझा चेहरा दिसत होता," ती म्हणाली.

"डाग होता."

"त्याच्या आधीही होता? रोज धुऊन काढताय ना तुम्ही?"

मग त्याचा आवाज आला, खालच्या पट्टीत. "फडकं लाकडावर थांबलं की चिकटतं. चिकटलं की खालचा हातसुद्धा उचलून आणतं. थांबायचं नसतं मध्ये. सकाळी थरथर असते, तेव्हा जमत नाही. मग घेतो. घेतलं की हात थांबतो, पण मग नको तिथेही थांबतो. शेवटचा हात लागतच नाहीये मला."

"म्हणजे घेतल्याशिवाय टेबल होत नाही, आणि घेतलं की टेबल होत नाही."

"हो."

"आणि टेबल झाल्याशिवाय तुम्ही जात नाही."

जिन्यात उभ्या उभ्या माझे पाय भरून आले, पण हलायची सोय नव्हती. आमच्या जिन्याची एक पायरी करकरते.

"टेबलवाल्या बाईंना घाई नाहीये," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, सावकाश द्या."

"ठाऊक आहे. मी त्यांना फोन केला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते."

मग तो म्हणाला, "तिथे मला फडकं कोण देणार आहे? दिवसभर ह्या हातांचं करू काय मी? ते नुसते थरथरत बसतील."

"बसू देत. तिथे बघायला माणसं असतील. इथे मी लोकांना चष्मे लावून देते आणि माझ्या डोळ्यांपुढे दिवसभर ही फरशी असते, तुम्ही सापडलात ती. रोज दार उघडताना आधी खाली बघते."

त्यावर तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ऐकू आला तो फोनच्या बटणांचा आवाज. नंबर चुकला असावा, कारण त्यानं कोणाची तरी माफी मागितली आणि पुन्हा लावला. मग म्हणाला, "हो, मीच. नाही, टेबल झालेलं नाही. तरी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं निघाली. बायकोनं सुट्टी घेतली होती. टेबलावर जुनी चादर घातलेली, आणि त्यावर कोणी काही ठेवायचं नाही अशी मला ताकीद. डबा माझ्याच न्हाणीघरात राहणार होता. झिलईनं जिना उतरताना कठड्यावरून हात फिरवला. हात थरथरत होता आणि त्यानं तो खिशात घातला नाही.

आता अशा वेळी गप्प बसावं, पण ते मला येत नाही. मी म्हटलं, "तिथल्या खाटांना पॉलिश करत बसू नका भावोजी. आणि इथे गल्लीत सगळे मलाच विचारणार, कुठे गेले म्हणून. काय सांगू?"

त्यानं बॅग ह्या हातातून त्या हातात घेतली.

"खरं ते सांगा," तो म्हणाला. "तुमच्या तोंडून ऐकल्यावर कोणी विश्वास ठेवायचं नाही."