मॅनेजरांचा माणूस

तंजावूरच्या एका खासगी हॉस्पिटलात भागीरथी एकवीस वर्षं कॅज्युअल्टीच्या दारातल्या टेबलावर बसत होती. आलेल्यांपैकी आधी कोणाला आत न्यायचं, हे ती ठरवायची. चालण्यावरून, घामावरून, सोबतची बायको किती बोलतेय त्यावरूनसुद्धा तिला कळायचं. डॉक्टर तिचा शब्द सहसा मोडत नसत.

दोन वर्षांपूर्वी ओरत्तनाडूचे रघोजी आले. सत्तरी ओलांडलेले, छाती आवळतेय म्हणत होते, सदरा घामानं भिजलेला. भागीरथीनं त्यांना व्हीलचेअरवर बसवलं, तेवढ्यात मॅनेजर इळंगोवनचा फोन आला.

"माझा माणूस आलाय. बोट मुरगळलंय त्याचं. आधी त्याला घ्या."

"सार, इथं छातीत दुखणारे आजोबा आहेत. डॉक्टर एकटेच आहेत."

"नोकरी करायचीय ना तुम्हाला?"

तिनं रजिस्टरात 'कोणाकडून' या रकान्यात मॅनेजर असं लिहिलं, बोटवाल्याला आत सोडलं आणि व्हीलचेअर भिंतीशी लावली. वीस मिनिटांनी रघोजी बसल्या जागी गेले.

चौकशी इळंगोवननंच केली. रजिस्टर कोणी उघडलं नाही. 'टेबलावरील कर्मचाऱ्याची निर्णयातील चूक' असं पत्र निघालं आणि भागीरथीनं मुकाट्यानं सही केली. त्यानंतर रोज सकाळी तो कडक इस्त्रीच्या शर्टात समोरून जायचा, "वणक्कम, अम्मा" म्हणायचा. तीही हसून नमस्कार करायची आणि मनात म्हणायची, तुला मी सोडणार नाही. दोन वर्षांत एक दिवसही तिनं हे म्हणायचं चुकवलं नाही.

माणसासारखा विचार करून निर्णय घेणारा प्रोग्रॅम बनवायचा, ही कल्पना इळंगोवनचीच. इथं शिकवायचा आणि इतर हॉस्पिटलांना द्यायचा. त्यासाठी जननी नावाची तरुण इंजिनिअर टॅब्लेट घेऊन भागीरथीशेजारी बसू लागली. भागीरथीसारखीच तंजावूरच्या मराठी घरातली होती. मराठी सगळं समजायचं, बोलताना अडखळायची.

"अक्का, पुस्तकातले नियम नकोत," ती अडखळत म्हणाली. "कोणाला आधी सोडलंत आणि का, तुमच्या मनात आलं तेच सांगा. मशीन निर्णयही शिकेल, कारणही लिहील."

"मनात येईल ते सगळं?"

"सगळं."

भागीरथीला वाट दिसली.

चौथ्याच दिवशी फोन आला. कोणा कंत्राटदाराच्या मेव्हण्याला खोकला झाला होता. तिनं त्याला तापानं फणफणलेल्या बाळाच्या आधी आत सोडलं.

"का?" जननीनं विचारलं.

"मॅनेजरांचा माणूस. दुखणं काही नाही. थांबवला तर माझी नोकरी जाईल."

जननीचं बोट टॅब्लेटवर थबकलं. "हे लिहू?"

"तू कारण विचारलंस. खोटं सांगू का?"

जननीनं मॅनेजरच्या केबिनकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. चार महिन्यांत असे सत्तेचाळीस फोन आले. भागीरथीनं एकही गाळला नाही, एकातही तिखटमीठ लावलं नाही. एक शब्द जरी खोटा निघाला तर इळंगोवन त्यावरच निसटेल, हे ती जाणून होती.

प्रोग्रॅम दाखवायच्या दिवशी विश्वस्त आले, कुंभकोणमचे दोन डॉक्टर आले. इळंगोवन रेशमी काठाचं वेष्टी-धोतर नेसून आला होता. जुन्या रजिस्टरातला एखादा दिवस चालवून पाहू, असं एका विश्वस्तांनी सुचवलं. इळंगोवन उदारपणे म्हणाला, "अम्मांनाच विचारा. एकवीस वर्षांचा अनुभव आहे."

भागीरथीनं तारीख सांगितली. त्याला ती तारीख आठवतही नव्हती.

प्रोग्रॅमनं त्या दिवसाचं रजिस्टर 'कोणाकडून' या रकान्यासकट वाचलं आणि पडद्यावर ओळी उमटल्या. पहिला, वय बत्तीस, बोट मुरगळलेलं. कारण: वैद्यकीय काही नाही. मॅनेजरांचा माणूस. थांबवला तर माझी नोकरी जाईल. दुसरा, वय एकाहत्तर, छातीत कळ, घाम. दुखण्याप्रमाणे क्रम पहिला, दिलेला क्रम दुसरा.

इळंगोवन हसायला गेला, ते जमलं नाही. "मशीन बिघडलंय," तो म्हणाला.

"बिघडलं नाही," जननी म्हणाली. "असे सत्तेचाळीस नोंदलेत. तारखेसकट."

त्या विश्वस्तांनी चष्मा काढला. "ही नोकरी जायची भीती कोणाची?"

"माझी," भागीरथी उभी राहून म्हणाली. "फोन यांचा, भीती माझी, आणि गेले ते रघोजी."

महिन्याभरात इळंगोवनला काढलं. भागीरथीवरचं ठपक्याचं पत्र रद्द झालं. तो सामानाचं खोकं उचलून निघाला तेव्हा ती मुद्दाम टेबलावरून उठून दारापर्यंत गेली. पायरीवर त्याचा पाय अडखळला, त्याचाही तिला आनंद झाला. आणखी काही दिवस तो असाच खाली मान घालून समोरून जायला हवा होता, असं वाटलं.

जननीनं ती सत्तेचाळीस उदाहरणं काढून प्रोग्रॅम पुन्हा शिकवायला घेतला. पण पडद्यावरचं ते 'माझी नोकरी' भागीरथीच्या डोळ्यांपुढून हलेना. एका रविवारी ती बसनं ओरत्तनाडूला गेली. रघोजींच्या मुलाला फाटकाशी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, व्हीलचेअर भिंतीशी कोणी लावली तेही.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दोन वर्षं का लागली?"

त्यानं फाटक ओढून घेतलं, आणि ती स्टँडकडे चालू लागली.