टबाच्या तड्यात आईची बांगडी

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितेय. सकाळचा प्रसंग डोक्यातून जातच नाहीये.

बाबांना जाऊन महिना झाला. जायच्या आधी त्यांनी अनंताच्या फांद्या मुळं फुटायला पाण्याच्या टबात ठेवल्या होत्या. आता कुठे पांढरी मुळं दिसायला लागलीत. आज उठून बघते तर प्लॅस्टिकच्या टबाला हा एवढा तडा आणि पाणी पडवीभर.

मी फांद्या बादलीत हलवल्या. आईने गॅसवर जुनी सुरी तापत ठेवली. "जोडायला प्लॅस्टिकचा तुकडा लागंल," म्हणाली आणि कपाटातून स्वतःच्या हिरव्या प्लॅस्टिकच्या बांगड्यांतली एक घेऊन आली. वणीच्या गडावर गेलो होतो तेव्हा बाबांनीच घेऊन दिलेल्या, रोज कामात घालायची. बाबा गेले तेव्हा काचेच्या फोडल्या आणि या काढून ठेवायला लावल्या.

आत्या तिथेच चहा पीत होती. "वहिनी, आता त्या बांगड्यांना कशाला हात लावता?"

आई सुरी टेकवत म्हणाली, "हातात घालायच्या नाय म्हणाला होतात. टबाला लावायच्या नाय, असं कोणी म्हणालं नाय."

बांगडी वितळून तड्यात बसली. पाणी भरलं, थेंबही गळला नाही.

आता टबाला हिरवी रेघ आहे आणि आईचे हात मोकळे आहेत. ते मोकळे ठेवून माझ्या बाबांचं नेमकं काय भलं झालं, कुणी सांगाल का मला?