पाळधीला पिवळसर, पारोळ्याला काळे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी नानांचं नाव घेतो. नानांच्या डोक्याचं सगळ्यात जास्त नुकसान कोणी केलं, असं विचारलं तर मी विषय बदलतो.

नाना म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. असोद्याला आमची केळी आणि कपाशी. वडील लवकर गेले, मला नानांनी शिकवलं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे बी.एस्सी. झाल्यापासून माझ्या शब्दाला घरात इतकं वजन आलंय की मलाच ते पेलत नाही. विहिरीवरची मोटार बंद पडली तरी मला फोन, म्हशीनं दूध चोरलं तरी मला फोन. (माझा विषय रसायनशास्त्र. त्यात म्हैस नव्हती. पण हे घरी सांगायची सोय नाही.)

नानांचे केस वेचणीला आलेल्या कपाशीसारखे पांढरेशुभ्र होते, आणि त्यांचा त्यांना अभिमान होता. ऊन असो, लग्न असो, नाना टोपी घालत नसत. गावात कुणी कलप लावला की त्याची चौकात हजेरी घेतली जाई. "जो केस रंगवते, तो उद्या सातबाराही रंगवीन," असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी निवृत्त तलाठ्यालासुद्धा तोंडावर ऐकवलं होतं.

मी जळगावला एका तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि सुट्टीत शाम्पूच्या वड्या बनवतो. बाटलीतल्या शाम्पूत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ते वगळलं की बाटली नको, प्लॅस्टिक नको, आणि लहानशी वडी पुष्कळ दिवस पुरते. साबणानं केस राठ होतात, शिवाय आमच्या बोअरच्या जड पाण्यात त्याचा फेस व्हायच्या ऐवजी चिकट साय धरते. वडीत मात्र नारळाच्या तेलापासून केलेला फेसाचा पदार्थ, रिठा, शिकेकाई. केसांना मानवेल इतपतच आंबट. हे सगळं मी एकदा जेवताना घरच्यांना फार तळमळीनं समजावलं. नानांनी भाकरी संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे आंगाची वडी येगयी आन् डोक्याची येगयी." मी माझं व्याख्यान तिथेच थांबवलं, कारण पुढे त्यात काही उरलंच नव्हतं.

पण माणसाला मातीचं प्रेम असतं ना! आपल्या वडीत आपल्या गावचं काहीतरी हवं म्हणून मी तिच्यात केळीच्या खांबाचा रस घातला. आणि रिठा, शिकेकाई, आवळा हे सगळं उकळलं मोठ्या आईच्या लोखंडी कढईत. (मोठी आई म्हणजे नानांची बायको.) केळीचा चीक लागला की डाग जन्मात जात नाही, म्हणून घड कापायचे कपडे आमच्याकडे वेगळे ठेवतात, हे असोद्यात रांगणाऱ्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. फक्त ते ज्ञान माझ्या डोक्यात शर्टाच्या कप्प्यात होतं, केसांच्या कप्प्यात नव्हतं. आवळा आणि शिकेकाई लोखंडाला लागली की काळी पडतात, हे तर मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

त्याच सुमारास धुळ्याचं स्थळ आलं. मनीषा शाळेत शिक्षिका. आम्ही एकदा भेटलो होतो, दोघांनाही पसंत होतं, आणि मला तर इतकं पसंत होतं की मी गिरणीत तेलाच्या दोन नमुन्यांवर एकच चिठ्ठी चिकटवली होती. अडचण एकच होती. तिचे वडील एसटीतून निवृत्त झालेले, आणि त्यांनी निरोप धाडला होता की मुलगा पाहिला, आता घरातलं मोठं माणूस पाहू, मग काय ते ठरवू. म्हणजे माझं लग्न नानांवर होतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी ताजी वडी नानांच्या हातात दिली. म्हटलं, आज केस असे चमकतील की धुळेकर बघत राहतील. (हे माझं एकमेव भाकीत, जे पूर्ण खरं ठरलं.) फेस उत्तम झाला. केस मऊ झाले. मोठ्या आईनंही कौतुक केलं. आम्ही भाड्याच्या गाडीत बसलो, नाना पुढे, मी आणि मोठी आई मागे.

पाळधीला मला नानांची मान थोडी पिवळसर वाटली. ऊन असेल, म्हटलं. एरंडोलला पिवळसर रंग तपकिरी झाला आणि कानांमागून वर सरकला. खिडकीतून वारा येत होता, आणि हवा लागली की चीक काळा पडत जातो, ही क्रिया मला सूत्रासकट पाठ होती. ती मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. मी काच वर करायला सांगितली. नाना म्हणाले, उकडतं. मोठी आई माझ्याकडे पाहत होती, मी खिडकीबाहेर पाहत होतो.

पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा काम पूर्ण झालं होतं, डोकं काळंभोर. मी धावत जाऊन एक टोपी विकत आणली.

"टोपी कशाले?" नाना म्हणाले. "आपल्याले काय झाकाचं हाय?"

आणि तेवढ्यात त्यांना गाडीच्या आरशात कुणीतरी चाळिशीतला माणूस दिसला. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मग पुन्हा आरशात पाहिलं. मग डोक्याला हात लावला. आरशातल्यानंही लावला.

मी हवेतला प्राणवायू, चीक आणि लोखंड यांच्याबद्दल बोलायला सुरुवात केली. नानांनी हात वर करून मला थांबवलं आणि फक्त विचारलं, धुतल्यानं जाईल का. म्हटलं, नाही. मग कशानं? म्हटलं, नवे केस उगवतील तसं.

मोठी आई चहात बिस्कीट बुडवत शांतपणे म्हणाली, "खांबाचा रस घालत व्हता तवाच मले वाटलं व्हतं."

"मंग बोलली काहून नाही?" नाना.

"शिकेल पोरगा हाय. म्हटलं, यानं चिकातून डाग काढून घेतला असीन."

माझी पदवी इतकी कामाला कधीच आली नव्हती. नानांनी टोपी घातली नाही. घरात गेल्यावर काढावीच लागेल, आणि मग जास्त वाईट दिसेल, असं म्हणाले. मी मनातल्या मनात मनीषाचा निरोप घेऊन टाकला.

दारात तिचे वडील उभे होते. त्यांचे केस, मिशा आणि भुवया यांचा काळेपणा असा एकसारखा होता की ते एकाच डबीतून आले आहेत हे लांबून कळत होतं. आम्ही बसलो. ते एकटक नानांच्या डोक्याकडे पाहत राहिले. मनीषा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. मग ते पुढे झुकले.

"नाना, खरं सांगा. तुम्ही बी लावतस ना?"

मला नानांचं उत्तर माहीत होतं. नाना आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. खरं सांगितलं तर माझ्या रसायनशास्त्राची शोभा होणार, आणि वर कलप लावणाऱ्यांबद्दल त्यांचं मत निघालं तर चहाही मिळणार नाही. नानांनी मनीषाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. घसा साफ केला.

"लावतो," नाना म्हणाले. "पोरगाच करून देतो."

त्या गृहस्थांचा चेहरा खुलला. घरात बायको आणि मुलगी त्यांच्या कलपाला रोज हसतात, त्यात आता पांढऱ्या डोक्याचं एखादं कडक माणूस व्याही म्हणून आलं तर कसं व्हायचं, ही काळजी त्यांना लागली होती म्हणे. ते उठून नानांच्या शेजारी येऊन बसले. "आपलं जमनं, नाना!" एवढं बोलून त्यांनी दिवाळीनंतरची तारीखच काढली.

परतताना एरंडोलला नाना म्हणाले, "दिवाईपर्यंत हे उतरीन ना?"

"उतरेल, नाना. पूर्ण पांढरे होतील."

"मंग व्याह्याले काय सांगशीन?"

याचं उत्तर शोधायला मला महिना लागला. नानांना फोनवर कमी ऐकू येतं, आणि मी मोठ्यानं बोललो की अख्ख्या गल्लीला जास्त ऐकू येतं, म्हणून परवा पत्रच लिहिलं:

*तीर्थरूप नाना,*

*साष्टांग नमस्कार. तुम्ही मला शिकवलंत, म्हणून मी माणसात आलो. त्या दिवशी धुळ्याला तुम्ही माझ्यासाठी जे एक वाक्य बोललात, ते तुम्हाला किती जड गेलं हे मला माहीत आहे. फी भरताना तुम्ही कधी घसा साफ केला नव्हता.*

*सोबत नवी वडी पाठवली आहे. हिच्यात चीक नाही, लोखंड नाही, सगळं मोजूनमापून आहे. केस पांढरेच राहतील. वडी अगदी शास्त्रशुद्ध आहे, म्हणून कृपा करून लग्न होईपर्यंत ती वापरू नये.*

*सासरे तुमच्यासारखीच वडी मागत आहेत, आणि लग्नापर्यंत ती तुम्हालाही लागेल. मोठ्या आईची कढई मी इकडे आणली आहे. महिनाभर खटपट करतो आहे, पण एकदाही तसा रंग आला नाही, प्रत्येक वडी चांगलीच होते आहे. तेव्हा खांबाचा रस मी त्या दिवशी नेमका केव्हा आणि किती घातला, हे मोठ्या आईला विचारून कळवावे. तुमच्या पदवीधर पुतण्याला स्वतःची चूक दुसऱ्यांदा करता येत नाही.*