बर्फ वितळतो, गाळ नाही

लिहिण्याचा माझा अधिकार किती, हे मला नक्की माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. स्टुटगार्टला येऊन मला जेमतेम दोन हिवाळे झालेत आणि इथल्या मराठी मंडळाच्या या अंकात लिहिणारे सगळे माझ्यापेक्षा जुने, जाणते. तेव्हा आगाऊपणा वाटला तर माफ करा. पण मला राग आला आहे, आणि तो आपल्यातल्याच काहींवर आहे. तो पाठीमागे बोलण्यापेक्षा तुमच्यासमोर सांगितलेला बरा.

मी निघालो त्या दिवशी बाबा कामावरून थेट एसटी स्टँडवर आले होते. ते कंत्राटदाराकडे नालेसफाईला आहेत. सकाळीच कुठलासा चोकअप काढून आले होते. मी पाया पडायला वाकलो तर मागे सरकले.

"लांबूनच पड. नवं जाकीट आहे, वास लागेल."

"अहो, पोरगं एवढ्या लांब चाललंय, जवळ तरी घ्या," आई म्हणाली. त्यांनी घेतलं नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीखालून म्हणाले, "शीक. तुझ्या हातात फावडं येऊ नये, एवढंच."

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातात फावडं आलं. विंटरडीन्स्ट, म्हणजे बर्फ काढणाऱ्या एका कंपनीत मला मिनीजॉब, म्हणजे थोड्या तासांचं काम, मिळालं. इथे मोठे रस्ते शहराचे ट्रक साफ करतात. पुढे नांगरासारखं पातं, मागून मिठाचा फवारा. फुटपाथ मात्र ज्याचं घर त्याने, लोक कामाला निघायच्या आत मोकळा करायचा. दुकानं आणि ऑफिसं ते काम आमच्यासारख्यांना देतात. ढीग फार झाले की लोडर ते ट्रकमध्ये भरतो आणि शहराबाहेरच्या ठरलेल्या मैदानावर नेऊन टाकतो. नदीत नाही, कारण त्यात मीठ आणि रस्त्यावरचं तेल मिसळलेलं असतं. त्या मैदानावर तो काळाकुट्ट बर्फ पडून राहतो आणि हळूहळू वितळतो.

ते मैदान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चार दिवस ऊन पडलं तर आपोआप नाहीसं होणाऱ्या वस्तूसाठी एवढी यंत्रं, एवढे ट्रक, राखून ठेवलेली जागा. आणि जे कधीच वितळत नाही त्यासाठी माझे बाबा. रस्त्याखालच्या मोरीत मशीन जात नाही, म्हणून तिथे माणूस घालतात. अनवाणी. घमेल्याघमेल्याने गाळ वर काढायचा, काठावर टाकायचा. उचलायला गाडी येत नाही. पहिल्या सरीत तो पुन्हा नाल्यात. मग पुन्हा बाबा. मागच्या उन्हाळ्यात ते मोरीतून बाहेर येऊन तिथेच आडवे झाले होते, चक्कर येऊन. लोक नाकाला रुमाल लावून बाजूने गेले. हे मला आईने सांगितलं, तेही महिन्याने.

तेव्हापासून फोनवर माझं एकच टुमणं होतं. "बाबा, यंदा उतरू नका."

"मग कोण उतरेल?" एवढंच म्हणायचे.

आता शेखरकाकांचं. नाव बदललं आहे. काका पुण्याचे, इथल्या त्सुफेनहाउझेन भागात राहतात, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पदावर. मला त्यांनी गणपतीत जेवायला बोलावलं, घरी कोण काय करतं विचारलं, जुना कोट दिला. हे मी विसरलेलो नाही. त्यांच्या इमारतीत केअरवोखंची पद्धत आहे. ज्याच्या दारावर पाटी लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि बर्फही काढायचा. डॉक्टर असो की ड्रायव्हर. या जानेवारीत पाटी काकांच्या दारावर आली आणि त्यांनी मला बोलावलं. गेलो. आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

मी खाली फावडं मारत होतो, काका बाल्कनीत मोबाइल घेऊन बर्फाच्या ट्रकचा व्हिडिओ काढत होते. "बघा मंडळी, याला म्हणतात शिस्त! आपल्याकडे होईल का हे?" तळमजल्यावरच्या आजीबाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही तर इथे राहत नाही. मग पाटी तुमची कशी?"

काका वरून हसत जर्मनमध्ये म्हणाले, "हो, हो, अगदी बरोबर, आमचा स्टुडंट आहे!" मग मराठीत मला, "तुला काय रे, तुला सवय असेलच. तुमच्या घरातलंच काम!"

ते वाईट हेतूने बोलले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला. मी फावडं घेऊन जिना चढलो आणि ते त्यांच्या दाराला टेकवून ठेवलं, बरोबर पाटीखाली.

"काका, पाटी तुमच्या दारावर आहे."

नंतर कळलं की काकांनी गीझरच्या गरम पाण्याच्या बादल्या पायऱ्यांवर ओतल्या. थोड्याच वेळात ते गोठून तिथे काच झाली. आजीबाईंनी सगळी इमारत डोक्यावर घेतली. मंडळाच्या ग्रुपवर मात्र काकांचं "हल्लीच्या पोरांना उपकारांची जाण नाही" एवढंच आलं.

त्याच आठवड्यात मी बाबांना माझा कामावरचा फोटो पाठवला. हे काम आजवर लपवलं होतं. वाटलं, रागावतील. त्यांनी फोन करून विचारलं, "ते हातमोजे घरचे की कंपनीचे?"

"कंपनीचे. बूटही. घातले नाहीत तर गाडीत बसू देत नाहीत."

"असं?" म्हणाले, आणि फोन ठेवला.

मे महिना आला, पावसाआधीच्या नालेसफाईचा. बाबांचा फोन लागेना. आई म्हणायची, "कामावर गेलेत," आणि विषय बदलायची. मी लायब्ररीत बसून आमच्या शहरातलं पावसाचं भाकीत बघायचो आणि एकही पान पुढे सरकायचं नाही. मला विचाराल तर घर म्हणजे हल्ली एवढंच उरलंय: ती मोरी, आणि बाबा आत आहेत की बाहेर.

काल त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी.

"जय भीम, बाळा. आईला मीच सांगू नको म्हटलं होतं, तुझी परीक्षा होती. मुकादमाला तुझा फोटो दाखवला. म्हटलं, असे बूट-मोजे दे, मग उतरतो. तो म्हणाला, पोरगा जर्मनीत तर तूही जा तिकडेच. मी घमेलं त्याच्या पायाशी ठेवलं आणि घरी आलो. आता काम नाही. त्यांनी दुसरी माणसं बघितली असतील. पण मी उतरलो नाही."

फावडं दाराला टेकवल्याचं मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.