ग्रामसभेपुढे वाचलेला एमआरआय

सोमाजीभाऊ अर्ज लिहून झाला तरी लगेच सही करीत नसत. तहसील कचेरीसमोरील माझ्या टेबलाभोवती जे कोणी उभे असतील, त्या सर्वांस तो मोठ्याने वाचून दाखवावा, असा त्यांचा आग्रह असे. "लपवाचं असन तं लिवाचं काऊन?" असे ते म्हणत. मजसारख्या अनुभवी अर्जनविसास हे प्रारंभी खटकले. पुढे माझ्या भाषेची कीर्ती त्यायोगेच दूरवर गेल्याचे ध्यानी आले.

ते धानोऱ्याकडील एका गावच्या ग्रामसभेचे अध्यक्ष. जंगलातील बांबू गावाच्या हक्काचा. त्याचा लिलाव चारचौघांत व्हावा, हा त्यांचा हट्ट. एका ठेकेदारास मात्र तो परस्पर हवा होता. त्याच सुमारास भाऊंचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरल्याचे निष्पन्न झाले. नागपुरास उपचार सुरू झाले व काही महिन्यांनी संपूर्ण शरीराचा एमआरआय पुन्हा काढण्यात आला.

कागदपत्रांसाठी मी समवेत होतो. पुतण्या गणपत डॉक्टरांना बाजूस घेऊ लागला, तेव्हा भाऊ म्हणाले, "बिमारी मले हाय, गणपत. तू बस."

डॉक्टरांनी आधीची व आताची चित्रे शेजारी लावली. काही ठिकाणचे डाग औषधाने विरले होते, कण्यातील मात्र वाढले होते. असे दिसले की पुढची वाट बहुधा कठीण असते, कदाचित वर्षही मिळणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

"हा अंदाज हाय का हुकूम हाय, साहेब?"

"अंदाजच. पण चित्र पाहून केलेला."

"मंग ठीक हाय. अंदाजाले मी मान देतो. हुकूम असता तं अपील केली असती."

गणपतने ही वार्ता गावी नेली. ठेकेदाराच्या बाजूचे चौघे माझ्याकडे आले व त्यांनी भाऊंच्या नावे राजीनामा लिहून घेतला. 'प्रकृतिअस्वास्थ्यास्तव' या शब्दाने आरंभिलेला तो मसुदा उत्तम उतरला होता. सहीपूर्वी मीच तो भाऊंस वाचून दाखविला व त्यांनी शांतपणे ऐकला. "लिवलं मस्त हाय, मुनशीजी. पन मरून मी राह्यलो, घाई या लोकायले काऊन?"

मग ग्रामसभा भरली. भाऊंनी एमआरआयचा अहवाल माझ्या हाती दिला. "वाचा. मोठ्यानं." इंग्रजी मजकुराचा मी जागेवरच मराठीत उलगडा केला, अडले तेथे डॉक्टरांचे बोलणे आठवून सांगितले. खुबा, बरगड्या, कणा. पुरुष माना खाली घालून ऐकत होते.

काठी टेकून भाऊ उभे राहिले. "माह्या अंगातलं सारं तुमाले सांगतलं. आता ठेकेदारानं कोनाले काय देतो म्हून सांगतलं, थे ज्यानं त्यानं उठून सांगा."

कोणी उठले नाही. अखेर मागून म्हाताऱ्या रखमाबाई म्हणाल्या, "आता मुके झाले का जी सारे? राजीनामा मांगाले तं लय गळा होता."

लिलाव उघड्यावर करण्याचा ठराव त्याच दिवशी मंजूर झाला, आणि लिलाव गावासमक्षच झाला.

डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला. तो चूक आहे, असे भाऊंनी कधी म्हटलेच नव्हते. शेवटच्या सभेचे अध्यक्षपद त्यांनी खाटेवर पडून भूषविले. पुढील सभेचा दिवस ठरविताना सगळे चाचरू लागले, तेव्हा पौर्णिमेनंतरचा सोमवार त्यांनीच सांगितला. "मी नाई आलो तं गैरहजर लिवजा. सभा थांबवाची नाई."

त्या सोमवारी सभा भरली. इतिवृत्त लिहिण्याचा मान मजकडे होता. अध्यक्षांच्या नावापुढे मी 'गैरहजर' असे लिहिले व पहिला विषय वाचावयास घेतला.