व्हर्डेलबाईंनी निवडलेला सिनेमा

शिकागोच्या दक्षिण भागात, एकोणऐंशीव्या रस्त्यावरच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये व्हर्डेल टॉलिव्हर यांनी एकतीस वर्षं दारात उभं राहून माणसं जागेवर बसवली. पोटापाण्यासाठी त्या टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करत, पण कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर उत्तर यायचं, “मी अशर आहे.” पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, आणि इस्त्री अशी की बसताना कापड कुरकुरावं. उशिरा येणाऱ्याला त्या कधी रागावल्या नाहीत. त्याला शांतपणे अगदी पहिल्या रांगेत, प्रवचन देणाऱ्या पाळकांच्या नाकासमोर नेऊन बसवत. पुढच्या रविवारी तो माणूस घंटेच्या आधी हजर.

उपासनेत कुणाला भक्तीचं भरतं आलं, उभं राहून कुणी रडू-ओरडू लागलं, की व्हर्डेलबाई तिथे पोचलेल्याच असायच्या. पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घालायचा, मांडीवर पांढरं कापड टाकायचं, आणि चष्मा पडून फुटण्याआधी काढून घ्यायचा. हे सगळं इतक्या सराईतपणे चाले, की ज्याचा चष्मा काढला त्यालाही ते घरी गेल्यावर आठवे.

या अशर बायकांची वर्षातून एक सहल निघे. कुठे जायचं ते पाळकांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या ‘फर्स्ट लेडी’, मिसेस बोल्डन ठरवत. त्यांना ज्ञानात भर घालणाऱ्या जागा आवडत. त्यामुळे चाळीस बायका एका वर्षी जलशुद्धीकरण केंद्र बघून आल्या, आणि लागोपाठ तीन वर्षं ऑर्किडची बाग. १९९८ साली मात्र निवड प्रथमच व्हर्डेलबाईंकडे आली, आणि त्यांनी सिनेमा निवडला. ‘बारा हॅट आणि एक नवरदेव’. सगळे नट आपले काळे लोक. कुणी कुणाला मारत नाही, कुणी तुरुंगात जात नाही. नवरदेव घाबरून आत्याबाईंच्या हॅटच्या कपाटात लपतो, एवढंच. व्हर्डेलबाईंनी तो भरल्या थिएटरात दोनदा बघितला होता, आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर त्यांच्या बरगड्या दुखत होत्या.

सहल शनिवारी होती. गुरुवारी आपल्या लोकांच्या साप्ताहिकात थर्मन गेन्सचं परीक्षण आलं. दोन तारे. हा थर्मन लहानपणी व्हर्डेलबाईंच्या रविवारच्या शाळेत होता. आता छत्तीस वर्षांचा, जाड काचांचा चष्मा, आणि लिहिणं तसं नेटकं. फर्स्ट लेडींनी ते त्याच संध्याकाळी अशर बायकांच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवलं.

“‘विनोद होतो, आणि मग पडद्यावरची माणसं एकमेकांची तोंडं बघत उभी राहतात. दिग्दर्शकाचा डोळा लागला असावा. आपल्या लोकांना याहून बरं काही मिळायला हवं.’” त्यांनी कागदाची घडी घातली. “मी काही म्हणत नाही, सिस्टर टॉलिव्हर. पण ऑर्किडं फुलली आहेत म्हणे.”

“मागच्या वर्षीही फुलली होती,” मागून मदर इझोला म्हणाल्या. वयाच्या मानाने चर्चमध्ये सगळे त्यांना मदर म्हणत. त्यांना चौऱ्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती, आणि त्यांचं बोलणं कुणी अडवत नसे. “आणखी एक ऑर्किड दाखवलंत, तर मी तिथेच मातीत जाईन.”

“ठीक आहे,” फर्स्ट लेडी म्हणाल्या. “जाऊ या. पण दुपार वाया गेली तर पुढच्या वर्षापासून निवड पुन्हा माझ्याकडे.”

व्हर्डेलबाईंनी घरी येऊन आधी हातमोजे काढले, मग फोन उचलला.

“थर्मन, तो सिनेमा तू कुठे बघितलास?”

“समीक्षकांसाठी खेळ असतो ना, मिस व्हर्डेल. सिनेमा लागण्याआधीच, एका मंगळवारी सकाळी दहाला.”

“किती जण होतात?”

“सहा.”

“कुणी काही बोललं मध्ये?”

“समीक्षक बोलत नाहीत हो सिनेमा चालू असताना.”

“अरे देवा. मग शनिवारी दोनला ये आमच्याबरोबर.”

“मी मत बदलणार नाही, आधीच सांगतो.”

“मत कोण मागतंय? तू नुसता बसायला ये. जागा मी देईन.”

जागा त्यांनी दिली, आणि तिथेच घोटाळा केला. मान म्हणून फर्स्ट लेडींना पुढे मधोमध बसवलं आणि शेजारी वहीसकट थर्मनला. मागे गणवेशातल्या चाळीस बायका. आता फर्स्ट लेडी हसल्याशिवाय मागची हसणार कशी? प्रत्येक विनोदाला चाळीस जणींची नजर आधी पडद्यावरून त्या ताठ मानेकडे जाई, आणि मान हलली नाही की हसू गिळलं जाई. पडद्यावरची माणसं एकमेकांची तोंडं बघत उभी. अगदी थर्मनने लिहिलं होतं तशी.

वीस मिनिटं अशी गेली. कडेच्या खुर्चीवर बसलेल्या व्हर्डेलबाईंना ऑर्किडं दिसू लागली. थर्मनने एकदा वळून त्यांच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर ‘बघा, मी म्हणालो होतो’ असं असतं, तर त्यांना चाललं असतं. पण त्याला त्यांची दया आली होती. ते त्यांना फार लागलं.

मग पडद्यावर लग्न सुरू झालं. नवरी उभी, वऱ्हाडी उभे, नवरदेव कपाटात. आणि पडद्यावरच्या पाळकांनी हात उंच करून विचारलं, हे लग्न होऊ नये असं वाटणारं इथे कुणी आहे का? आणि थांबले.

पाळकांनी प्रश्न विचारून थांबायचं आणि माणसांनी गप्प बसायचं, असं मदर इझोलांच्या चौऱ्याऐंशी वर्षांत कधी घडलं नव्हतं. त्या काठी टेकत उभ्या राहिल्या, हात वर केला.

“मी आहे, पास्टर. तो पोरगा कपाटात बसलाय, आणि खरं सांगू का, मुलीकडचे लोक बघता तो तिथेच सुखी राहील.”

मदर इझोला उभ्या राहिलेल्या दिसताच व्हर्डेलबाईंच्या एकतीस वर्षांनी त्यांना खुर्चीतून उठवलं. पर्समधला पंखा हातात आला, मदर इझोला खाली बसवल्या गेल्या, त्यांच्या मांडीवर कापड पडलं, चष्मा निघाला. दुसऱ्या कडेने आणखी दोघी पंखे घेऊन आल्या. तिघी मिळून अंधारात वारा घालू लागल्या.

“अगं, मला काही झालं नाहीये,” मदर इझोला म्हणाल्या. “चष्मा दे तो. नवरदेव निसटेल तेवढ्यात.”

फर्स्ट लेडींची मान तशीच ताठ राहिली, पण खांदे हलू लागले. मग हॅट हलली. मग त्यांच्या तोंडून असा काही आवाज निघाला, जो त्यांच्या पाळक नवऱ्यानेही लग्नाआधीच ऐकला असेल. मागच्या चाळीस जणींचं गिळलेलं हसू एकदम बाहेर आलं.

त्यानंतर पडद्यावरच्यांना कुणी एकटं सोडलं नाही. “मागच्या दाराने जा रे.” “तिचं ऐकू नकोस, तिच्या आईचंही असंच होतं.” “ती हिरवी हॅट घालून कुणी बाहेर पडतं का?” विनोद व्हायचा, पडद्यावरची माणसं थांबायची, आणि चाळीस जणींचं बोलून होईपर्यंत अदबीने थांबूनच राहायची. थर्मनने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. शेवटी नवरदेव चुकीच्या गाडीत बसू लागला तेव्हा, “अरे, ती नव्हे, पलीकडची,” असं मोठ्याने सांगणारा आवाज पुरुषाचा होता, आणि त्या भागात पुरुष एकच होता.

बाहेर आल्यावर फर्स्ट लेडींनी हॅट नीट केली.

“सिनेमा तसा बेताचाच,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षीचं तुम्हीच बघा, सिस्टर टॉलिव्हर. आणि मला मागे कुठेतरी बसवा.”

पुढच्या गुरुवारी थर्मनचं नवं परीक्षण आलं. तारे दोनच. कथा पातळ आहे आणि शेवट ओढूनताणून आणलाय, हे त्याने पुन्हा लिहिलं. पण त्या थांबण्याबद्दल आपली चूक झाली, ती जागा प्रेक्षकांसाठी राखलेली होती आणि मंगळवारी सकाळी प्रेक्षकच नव्हते, हेही लिहिलं. मग शनिवारचा सगळा प्रसंग.

व्हर्डेलबाईंनी दोनदा वाचलं, आणि फोन उचलला.

“तारे तुझे तू ठेव. पण ‘एक अशर पंखा घेऊन धावत आली’ असं लिहिलंयस.”

“मग? आलातच ना तुम्ही.”

“चालत आले, थर्मन. अशर धावत नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छाप.”

ती छापून आली.