मोगलाईतला राजीनामा

पुण्याहून निघताना वडील म्हणाले होते, "मोगलाईत चाललीस. परका मुलूख आहे, जपून राहा." निजामाचं संस्थान विलीन होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती, पण आमच्या घरात ती बातमी अजून पुरती पोचली नव्हती. खेड्यातल्या मुलींना मराठी शिकवायला बिनपगारी शिक्षिका हव्या होत्या आणि मी हट्टाला पेटले होते. मनमाडला गाडी बदलून परभणीला उतरले, आणि पेडगावच्याही पुढच्या एका खेड्यात बैलगाडीनं जाऊन पोचले.

पगार नाही, म्हणून गावानं माझे वार लावून दिले. रोज एका घरी जेवण. इतकी नावं लक्षात राहीनात, तेव्हा माझ्यापुरत्या त्या बायका सोमवारची माय, मंगळवारची माय अशाच झाल्या. पहिल्या मंगळवारी चुलीपुढून विचारणा झाली, "कोरड्यास वाढू का, बाई?" काहीतरी कोरडं असणार असं समजून मी मान डोलावली, तर भाकरीवर आलं लालभडक पातळ कालवण! असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. मंगळवारची माय पदर तोंडाला लावून हसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हळू खा माय. पळून न्हाई जायलं ते." घर सोडल्यापासून पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता. मला ती बाई त्या क्षणी आवडली.

शाळा चावडीत भरे. मंगळवारच्या मायची लेक वर्गात सगळ्यांत पुढे होती, जोडाक्षरांपर्यंत येऊन ठेपली होती. तेवढ्यात कापसाची वेचणी सुरू झाली आणि एकेक करत सगळ्या मुली आयांबरोबर रानात जायला लागल्या. मी रोज फळ्यावर जोडाक्षरं लिहायची, मीच वाचायची आणि मीच पुसायची. राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर. त्यात घरची आठवण. वाटायचं, आपण इथे कुणाला हव्याच नाही आहोत. उगाच लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आलो.

एका मंगळवारी सकाळी तडक पाटलांच्या ओसरीवर गेले. म्हटलं, "पाटील, मी राजीनामा देते."

निदान 'का' असं तरी विचारतील, अशी माझी अपेक्षा. पाटील ताडकन उठले, त्यांनी हात जोडले. "लय ब्येस झालं, बाई!" आणि घरात वळून ओरडले, "अगं, बाई राजी झाल्या! च्या टाक!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ब्याद टळली म्हणून इतका आनंद? चहा न घेताच परत आले आणि ट्रंकेत लुगडी कोंबत रडत बसले.

ऊन उतरायच्या आत दाराशी गलका झाला. पाटलांचा सांगावा मिळून बायका रानातून लवकर परतल्या होत्या, पदरांना कापूस चिकटलेला, मुली मागे उभ्या. पाटीलही होते.

"बाई रुसल्या हे समद्या गावाला दिसायलं व्हतं," पाटील म्हणाले. "आता राजीनामा म्हनल्या, म्हंजी भांडण मिटलं. भावकीचा तंटा कचेरीत मिटला की राजीनामाच करत्यात की."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इथली कचेरी इतकी वर्षं उर्दूत चाललेली. आमचा राजीनामा म्हणजे काम सोडणं, यांचा राजीनामा म्हणजे दोघांनी राजी होऊन भांडण मिटवणं. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण मंगळवारची माय पुढे झाली.

"राजीनाम्यात दोन्हीकून सोडावं लागतंय, बाई. आमी आमचं सोडलं. लेकरं दुपारपस्तोर वेचतील, दुपारून साळंत येतील. रानात ही माझी लेक तुमचीच अक्षरं मातीत काढायलीय, तिला मी काय सांगू?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तुमी काय सोडता?"

मागे ट्रंक उघडी होती.

"मी जायचं सोडते," कसंबसं म्हणाले.

"जायचं?" ती गोंधळली. "कुठं जायच्या व्हत्या तुमी?"

"कुठंच नाही," म्हटलं, आणि मला रडू आवरेना.

तिने पदरानं माझं तोंड पुसलं, तर पदरातला कापूस माझ्या ओल्या गालांना चिकटला. मुली खुदखुदल्या. तिने तो बोटांनी हळूच काढला.

"आज मंगळवार हाय, ध्यानात हाय नव्हं?" ती म्हणाली. "चला. भाकर निवायली."